खांद्याच्या ऑपरेशननंतर हंटिंगसाठी कंपाऊंड बो कोणता घ्यावा?

ब्लॅकआइस_बंड्या

मंडळी, आपल्याकडे शिकारीवर धागे निघत नाहीत हे माहितीये, पण इंग्रजी ग्रुपवर विचारलं की जो तो आपापल्या ब्रँडची तळी उचलतो, म्हणून म्हटलं आपल्या माणसांत विचारून बघू, कोणीतरी निघेलच.

तर मी मॅडिसनजवळ राहतो, विस्कॉन्सिन. शेजाऱ्याच्या नादाने बोहंटिंगला, म्हणजे धनुष्यबाणाने शिकारीला लागलो, फक्त व्हाइटटेल हरीण, एल्क-बिल्क नाही. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा स्नो काढताना सटकलो आणि पडताना उजवा हात मागे टेकला गेला. रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे स्नायू आणि त्यांच्या शिरा) फाटला. दुर्बिणीतून ऑपरेशन, मग स्लिंग, मग पीटीचे (फिजिओथेरपीचे) ते रबरी पट्टे, सगळं साग्रसंगीत झालं आणि गेला सीझन त्यातच गेला. आता सर्जन म्हणतायत धनुष्य धरायला हरकत नाही, पण हळूहळू वाढवा. हळूहळू म्हणजे किती ते विचारलं तर पीटीकडे बोट दाखवतात आणि पीटी म्हणते मी आयुष्यात धनुष्य हातात घेतलेलं नाही.

मी उजवा आहे, म्हणजे दोरी ओढणारा खांदाच गेलेला. जुना कंपाऊंड (दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य) ६० ते ७० पौंडांचा, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर, मी ६५ वर ठेवलेला, तो आता ओढायचा प्रश्नच नाही. शेजाऱ्याच्या पोराचा ४० पौंडांचा ओढून बघितला, दुखलं नाही पण अर्ध्या वाटेत हात थरथरतो. ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागे ओढायची ते, साडेअठ्ठावीस इंच. सप्टेंबरच्या मध्याला सीझन उघडतो. नवीन घेऊ, की जुन्यालाच हलके लिम्ब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) बसवू, की सरळ क्रॉसबो (बंदुकीसारखा घोडा दाबून सोडायचा) घेऊन मोकळा होऊ? आणि ४०-४५ पौंडांत हरीण जागेवर पडतं का, की जखमी होऊन पळतं? जखमी करून सोडायचं नाहीये मला, त्यापेक्षा घरी बसेन.

निव्वळ_वाचक

बसलो पॉपकॉर्न घेऊन. विषयातलं ओ की ठो कळत नाही पण वाचतोय.

मिलवॉकीचे_काका

बंड्या, शेवटच्या प्रश्नाचं आधी घेतो. आपल्या राज्यात हरणासाठी कायद्याने किमान ३० पौंड लागतात, शेजारी मिनेसोटातही ३०, पेनसिल्व्हेनियात ३५, वॉशिंग्टन राज्यात ४०. म्हणजे कायद्याला तुझा ४५ चालतो. हरणाला चालतो का ते बघू. बाणाचं वजन ग्रेनमध्ये घे, वेगाच्या वर्गाने गुण आणि ४,५०,२४० ने भाग, फूट-पौंडात ऊर्जा मिळते. ४२० ग्रेनचा बाण सेकंदाला २२० फुटांनी गेला तर ४५ फूट-पौंड येतात. ईस्टनचा जो तक्ता सगळे वापरतात त्यात हरणाच्या अंगाच्या जनावराला २५ ते ४१ धरलेत आणि ४२ च्या वर एल्क, अस्वल. तेव्हा ऊर्जा भरपूर आहे, चिंता सोड.

पण ही ऊर्जा उधळायची नाही. मेकॅनिकल ब्रॉडहेड, म्हणजे आदळल्यावर पाती उघडणारा, तो विसर, उघडण्यातच अर्धा जीव जातो त्याचा. फिक्स्ड घे, दोन पात्यांचा, टोकापासून धार असलेला, आणि धार अशी की मनगटावरचा केस गेला पाहिजे. बाण जड ठेव. हरीण आडवं किंवा तुझ्याकडे किंचित पाठ करून तिरकं उभं असेल तरच सोड, फऱ्याच्या हाडावर आदळला तर ४५ पौंडात पलीकडे जात नाही. २० यार्डांच्या पुढे विचार करू नको. ७० पौंडवाले ४० यार्डांवरून मारलेल्या गप्पा सांगतील, ऐकायच्या आणि सोडून द्यायच्या.

क्रॉसबो म्हणशील तर २०१४ पासून आपल्याकडे कुणालाही चालतो, पूर्वी पासष्टी ओलांडलेले आणि अपंगत्वाचं परमिट असलेले एवढ्यांनाच मुभा होती. त्यात कमीपणा काही नाही. पण तो चढवताना दीडशे-दोनशे पौंडांची दोरी ओढायची असते, रोप कॉकरने भार निम्म्यावर येतो तरी दोन्ही खांद्यांवर येतोच. घ्यायचा तर हँडल फिरवून चढवायचा क्रँकवाला घे.

फिजिओ_मंजू

नमस्कार. मी ऑर्थोची फिजिओ, न्यू जर्सी. तुमच्या सर्जनच्या शब्दापुढे माझा शब्द नाही हे आधीच सांगते. तुमच्या पीटीताईंना यूट्यूबवर एखादा स्लो मोशन व्हिडिओ दाखवा, त्यांना दोन मिनिटांत कळेल.

दुरुस्त केलेली शीर (टेंडन, स्नायू हाडाला जोडणारी) हाडाला चिकटायला साधारण तीन महिने, त्यानंतर ताकदीचे व्यायाम आणि खेळाकडे परत जायला सहा महिने ते वर्ष, हा ढोबळ हिशोब झाला. तुम्ही त्याच्या पुढे आहात, छान. पण धनुष्यात दोन जागा वाईट आहेत. एक म्हणजे कोपर खांद्याच्या वर नेऊन, खांदा कानाकडे उचलून ओढणं. बरेच जण बो आभाळाकडे करतात आणि खाली आणता आणता ओढतात. त्यात सुप्रास्पायनेटस (रोटेटर कफचा वरचा स्नायू) वरच्या हाडाखाली चेमटतो, आणि तुमचा नेमका तोच शिवलेला असणार, बहुतेकांचा तोच फाटतो.

दुसरी जागा कुणीच बोलत नाही. ओढलेला बाण न सोडता परत पुढे आणणं. मी स्वतः मारत नाही, पण माझे दोन पेशंट बोहंटर आहेत, दोघांचंही दुखणं तिथे उपटलं. स्नायू आखडत भार ओढतो तेव्हा तो बराच सोसतो, लांब होत होत भार धरायचा असला की शिरेवर ताण जास्त येतो, आणि तोही झटक्यात आला तर विचारूच नका. कंपाऊंडमध्ये तो झटक्यातच येतो ना? जाणकारांनी सांगावं.

सातारी_नेम

मंजूताई, एकदम बरोबर पकडलंत. मी साताऱ्याचा, हंटिंग नाही, टार्गेट कंपाऊंड मारतो. समजा ५० पौंडांचा बो आहे आणि लेट-ऑफ ८० टक्के. पूर्ण ओढल्यावर हातात फक्त १० पौंड राहतात, सगळे म्हणतात वा काय आराम. पण परत सोडताना दोरी इंच-दोन इंच पुढे गेली की कॅम, म्हणजे टोकाचं चाक, उलटा फिरतो आणि १० चे ५० होतात. विहिरीवर भरलेली घागर वर आल्यावर रहाट हातातून सुटावा तसं. ज्याने सैल हात ठेवलाय त्याचा खांदा पुढे खेचला जातो. आणि हंटिंगमध्ये तर हे सारखंच होणार, हरीण वळलं, झाडाआड गेलं, बाण न सोडता परत आणायचा.

तेव्हा बंड्याभाऊ, बो निवडताना बाण किती मारून बघता याला महत्त्व नाही, परत किती वेळा आणून बघता याला आहे. दुकानात जाऊन हेच करा. कॅम जितका वेगासाठी बनवलेला तितका भार लवकर चढतो, शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम पडतो, परत येताना तितकाच एकदम चढतो. मऊ कॅमचा ५५ आणि तापट कॅमचा ५५ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, स्टिकरवर दोन्हीकडे ५५च लिहिलेलं असतं.

अवांतर: वर्ल्ड आर्चरीच्या नियमात कंपाऊंडला कमाल ६० पौंड. त्याच्या आत बसवलेल्या बोने ५० मीटरवर मारतात. २०२३ च्या बर्लिन वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि इथेच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही वैयक्तिक विश्वविजेते झाले. ७० शिवाय बाण जात नाही म्हणणाऱ्यांना हे ऐकवा.

टोरांटोचा_टवाळ

गांडीव किती पौंडाचं होतं आणि लेट-ऑफ किती, यावर कोणी प्रकाश टाकेल का. ह.घ्या.

मिलवॉकीचे_काका

लेट-ऑफ शून्य. म्हणून तर अर्जुनाला मधेच बसकण मारून अठरा अध्याय ऐकावे लागले.

करुणा_पुणे

वाचून वाईट वाटलं. देवाने खांदा दुखावून थांबायचा इशारा दिला होता असं नाही का वाटत? मुक्या जनावराला लपून मारायचं आणि वर किती पौंडात पडतं याचा हिशोब. आपल्याकडे १९७२ पासून कायद्याने बंद आहे ते उगाच नाही.

मिलवॉकीचे_काका

ताई, भारतात बंद आहे ते योग्यच आहे, आपण तिकडे काही उरूच दिलं नव्हतं. इथली गोष्ट उलटी आहे. लांडगे-प्युमा माणसाने संपवले आणि हरणं वाढून बसली. रात्री हायवेवर गाडीला आदळून मरतात, शेतं खातात, त्यात सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग २००२ पासून आमच्या राज्यात आहे, तो दाटीत पसरतो. किती मारायची ते सरकार जिल्हावार ठरवतं, टॅग लागतो, मारलेलं नोंदवावं लागतं. मटण घरातच संपतं. तुम्हाला पटावं असं म्हणणं नाही, पण लपून-छपून काही नाही.

करुणा_पुणे

पटलं नाही. पण उत्तर नीट दिलंत, थांबते.

ऑस्टिनची_अनघा

अरे वा, हा धागा माझ्यासाठीच आहे. मी टेक्सासमध्ये, हरीण आणि रानडुक्कर दोन्ही. माझा डावा खांदा, म्हणजे बो धरणारा, लॅब्रम (खांद्याच्या खोबणीची कड) फाटलं होतं. तुझ्या उलट बाजू, त्यामुळे माझं सगळं जसंच्या तसं घेऊ नको. बो धरणाऱ्या खांद्याला ड्रॉ वेट तर सोसावं लागतंच, पण बोचं स्वतःचं वजनही मारतं, साईट, क्विव्हर, स्टॅबिलायझर लावून बो सहा पौंडांच्या आसपास जातो. म्हणून मला कार्बनचा हलका बो घ्यावा लागला. तुझा धरणारा खांदा धडधाकट आहे, तू कार्बनवर पैसे घालवू नको, उलट थोडा जड बो हातात स्थिर राहतो.

मी सध्या ४६ वर आहे आणि माझी ड्रॉ लेंग्थ तर २६ आहे, तुझ्याहून अडीच इंच कमी. एक इंच गेला की सेकंदाला साधारण १० फूट जातात. म्हणजे तुझा ४५ चा बो माझ्या ४६ पेक्षा जोरात मारणार, आणि माझा बाण डुकराच्या आरपार जातो. काकांचा हिशोब बरोबर आहे.

बाय द वे दुकानात बोवर ३४० वगैरे वेग लिहिलेला असतो तो ७० पौंड, ३० इंच आणि ३५० ग्रेनच्या हलक्या बाणाचा. आपल्याला त्याचा शष्प उपयोग नाही. उलट जितका मोठा आकडा तितका कॅम तापट असं समज आणि पुढे चल.

आता बो कुठला. दोन रस्ते आहेत. एक ॲडजस्टेबल, डायमंडचा इन्फिनिट एज प्रो घे, ५ ते ७० पौंड आणि १३ ते ३१ इंच, सगळं ॲलन कीने घरी बदलता येतं, बो प्रेस (लिम्ब दाबून धरायचं यंत्र) लागत नाही. बेअरचा क्रूझर पण तसाच. मी परत आले तेव्हा असल्याच एकावर आले, २० पासून सुरुवात केली, दर थोड्या दिवसांनी लिम्बचा बोल्ट जरासा फिरवायचा. खांद्याला कळतही नाही कधी वाढलं. वाईट काय, तर पूर्ण ओढल्यावर मागची भिंत (दोरी जिथे अडते ती जागा) जरा भुसभुशीत लागते आणि वेग कमी. दुसरा रस्ता म्हणजे चांगल्या कंपनीचा ४०-५० च्या लिम्बचा बो, सेकंडहँड. मग सुरुवात ४० पासूनच, त्याखाली जाता येत नाही.

डावखुरा_दिनू

माझे दोन पैसे. उजवा खांदा गेलाय तर डाव्याने मारायला शिक की. लेफ्टी बो सेकंडहँड स्वस्त मिळतात कारण गिऱ्हाईक कमी. माझ्या एका मित्राने केलंय असं.

सातारी_नेम

दिनूभाऊ, डोळ्याचं काय? उजवा डोळा प्रबळ असेल तर डाव्याने ओढल्यावर पीप साईट (दोरीतलं नेम धरायचं भोक) चुकीच्या डोळ्यासमोर येते, मग पट्टी लावून मारा. आणि ज्या खांद्याने ओढत होता तो आता बो धरणार, सुटका होत नाही, काम बदलतं फक्त. कायमचं अधू असेल तर ठीक, पण बंड्याभाऊंचा भरून आलाय. पॅरिस पॅरालिंपिकला २०२४ मध्ये मॅट स्टट्झमनने हात नसताना पायाने बो धरून सोनं घेतलं, आपल्या शीतल देवीने राकेश कुमारसोबत मिश्र सांघिक ब्राँझ घेतलं. जमवायचं म्हटलं की जमतं, पण आधी गरज आहे का ते बघा.

डावखुरा_दिनू

डोळ्याचा मुद्दा मान्य. माझे दोन पैसे परत घेतो.

ब्लॅकआइस_बंड्या

बापरे, इतके प्रतिसाद! सगळ्यांना धन्स. शनिवारी दोन दुकानं फिरून आलो, सविस्तर लिहितो.

पहिल्या दुकानात (नाव नको) काउंटरवरच्या पोराला खांद्याचं सगळं सांगितलं, तो हो हो म्हणाला आणि ६० वर लावलेला यंदाचा टॉप मॉडेल हातात दिला. म्हणे, ८५ टक्के लेट-ऑफ आहे, तुला जाणवणारच नाही. मी म्हटलं आधी ४५ वर आण. तर म्हणे याचे लिम्ब ५० च्या खाली जात नाहीत. मग कशाला दिलास बाबा. ठेवला आणि निघालो.

दुसरीकडे एक पिकलेल्या दाढीचा मालक, त्याने आधी विचारलं कुठला खांदा, कुठली शीर, डॉक्टर काय म्हणाला. मग एक स्टूल दिलं, म्हणाला बस, दोन्ही पाय जमिनीवरून उचल, बो सरळ टार्गेटकडे धर आणि वर न नेता ओढ. नाही ओढला गेला तर तो पौंड तुझा नाही. पाय उचलले की अंगाचा झोक देताच येत नाही, सगळं खरं-खोटं बाहेर येतं. ५० ला माझे पाय आपोआप खाली आले. ४५ ला आलं पण दात-ओठ खाऊन. ४२ ला शांतपणे.

मग सातारीभाऊंचं ऐकून परत आणायची परीक्षा घेतली. एक वेगवान कॅमचा होता, ओढताना गोड लागला, पण परत सोडायला गेलो तर खस्सकन पुढे गेला, बोटातून कोपरापर्यंत कळ आली. शिवलेल्या जागी नाही, पण घाबरलो. मालकाने न बोलता तो काढून घेतला. दुसरा एक एलिट कंपनीचा होता, जुनं मॉडेल, त्यात भार हळूच उतरतो आणि परत येताना हळूच चढतो, मधे कुठे खड्डा नाही. त्याचे लिम्ब ४०-५०. अजून घेतला नाहीये. जुन्याला नवे लिम्ब बसवायचा भाव विचारला तर लिम्बची जोडी, नव्या दोऱ्या आणि मजुरी मिळून या एलिटच्या जवळपास जातंय, त्यात माझ्या मॉडेलचे ४०-५० चे लिम्ब मिळतील की नाही हे त्यालाच माहीत नाही. जुन्या बोचाच बोल्ट सैल करून भार खाली आणता येईल का?

मिलवॉकीचे_काका

नाही!! कंपनीने सांगितलंय त्याच्या पुढे बोल्ट सैल करायचा नाही. लिम्ब खोबणीतून निसटला तर तोंडावर येईल. ६०-७० चा बो ६० पर्यंत, विषय संपला. तुझा मॅथ्यूज असता, व्हर्टिक्स किंवा त्यानंतरचा, तर कॅमवरचं मॉड (छोटा सुटा भाग) बदलून त्याच लिम्बवर पाच-पाच पौंड खाली आणता आलं असतं. तरी ४२ पर्यंत नाहीच. स्पार्टाला त्यांचा कारखाना आहे, आपल्या राज्यातली कंपनी म्हणून मला प्रेम आहे हे कबूल, पण तुला सध्या त्याची गरज नाही.

मी असतो तर एलिट उचलला असता. आणि ड्रॉ लेंग्थ साडेअठ्ठावीस कधी मोजलेली? ऑपरेशनच्या आधी ना? परत मोज. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर, भागिले अडीच.

फिजिओ_मंजू

काकांच्या शेवटच्या मुद्द्याला +१. शिवल्यावर खांद्याची मागे जायची हालचाल थोडी कमी राहते बऱ्याच जणांत. धनुष्य लांब पडलं तर कोपर रेषेच्या मागे जातं आणि खांद्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. अर्धा इंच कमी केलात तर वेग थोडा जाईल, जाऊ द्या.

स्टुलाची परीक्षा झकास आहे, माझ्या क्लिनिकमध्ये वापरणार. एक भर घालते. दुकानात तुम्ही गरम झालेले, उत्साहात असता. झाडावर थंडीत तीन तास हलला नाहीत, वरून जाड जॅकेट, आणि पहिलाच ओढायचा असतो. म्हणून घरी सरावाला जाताना वॉर्मअप न करता पहिला बाण हळू ओढून बघा. तो सहज आला तर तेवढे पौंड तुमचे. हे रोज करू नका, आठवड्यातून एखादवेळी पुरे, बाकी दिवशी वॉर्मअप हवाच.

आणि दुखणं मारताना नाही कळणार, रात्री त्या कुशीवर झोपल्यावर कळेल. रात्री ठणकलं तर पुढचे दोन दिवस धनुष्य नाही आणि परत सुरू कराल तेव्हा दोन-तीन पौंड खाली.

ऑस्टिनची_अनघा

एलिट ४०-५० छान आहे, पण तुला ४२ सहज येतंय म्हणजे तू त्या बोच्या अगदी तळाला आहेस. मंजूताई म्हणतात तसं खाली यायची वेळ आली तर जागा फक्त दोन पौंडांची. त्या दिवशी काय करशील? म्हणून मी ॲडजस्टेबलवर अडून आहे.

सातारी_नेम

अनघाताईंचं म्हणणं रास्त आहे पण एक गोष्ट. ॲडजस्टेबल बो खूप खाली आणला की लिम्ब सैल पडतात, पूर्ण ओढल्यावर हातात जवळपास काहीच राहत नाही, तीन-चार पौंड. वाटतं बरंच, पण मग माणूस पाठ सोडून देतो, दंडाने नुसतं धरून ठेवतो आणि साईटची पिन हरणाच्या अंगभर फिरते. फऱ्यांची हाडं मागे एकमेकांकडे दाबलेली राहिली तरच खांदा जागेवर राहतो, त्यासाठी हातात थोडा भार लागतो. ८०-८५ टक्क्यांच्या पुढचा लेट-ऑफ मी तरी घेणार नाही, दुखऱ्या खांद्याला तर नाहीच. पुष्कळ जण उलटं सांगतील.

ऑस्टिनची_अनघा

मी उलटंच सांगते. ९० टक्क्यांवर हरीण वळायची वाट बघत मी आरामात धरून उभी राहते, ८० वर माझा हात थरथरायला लागतो. टार्गेटवर तुम्ही ओढता, नेम धरता, सोडता. आमच्याकडे हरीण ठरवतं कधी सोडायचा ते. पिन फिरते ते मान्य, पण २० यार्डांवर नऊ-दहा इंचांच्या काळजा-फुफ्फुसात बसवायचाय, तुमच्यासारखा टार्गेटच्या मधला एक्स फोडायचा नाही.

सातारी_नेम

२० यार्डांवर तुमचं बरोबर. मी ५० मीटरच्या डोक्याने बोलत होतो. आणि कॅमवरचा स्टॉप सरकवून लेट-ऑफ कमी-जास्त करता येतो बऱ्याच एलिटवर, तेव्हा भांडण मिटलं, बंड्याभाऊ दोन्ही करून बघतील.

निव्वळ_वाचक

एक बाळबोध प्रश्न. इतका त्रास आहे तर बंदुकीने का नाही मारत?

ब्लॅकआइस_बंड्या

मारतोच की, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात नऊ दिवस गन सीझन असतो तेव्हा सगळं राज्य जंगलात असतं, केशरी जॅकेटांची जत्रा. बोचा सीझन सप्टेंबर मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. ऑक्टोबरात एकटं बसायला मिळतं. शिवाय बंदुकीचा धक्का याच खांद्यावर बसतो, सर्जनने त्याला अजून होकार दिलेला नाही.

तर निर्णय. अनघाचं ऐकून आधी शेजाऱ्याच्या पोराचाच बो महिन्यासाठी मागून घेतला, तो खाली ३० पर्यंत येतो. त्याच्यावर चढत जातोय. आणि एलिट बयाणा देऊन ठेवलाय, मालक म्हणाला ऑगस्टपर्यंत ठेवतो, स्टुलावर बसून ४५ शांतपणे ओढून दाखव आणि घेऊन जा, नाहीतर बयाणा परत. असला दुकानदार जगात असतो यावर बायकोचा विश्वास बसत नाहीये. ड्रॉ लेंग्थ परत मोजली, अठ्ठावीस भरली.

आता एकच राहिलं. झाडावरचं स्टँड (मचाण) चालेल की जमिनीवर ब्लाइंड (लपायचा तंबू) टाकू?

मिलवॉकीचे_काका

यंदा जमिनीवर. शिडी चढताना अंगाचा भार त्याच हातावर घेणार, वर चढून बो दोरीने ओढून घेणार, आणि बसून ओढायचंय तर सरळ तंबूत खुर्ची टाकून बस. स्टुलावरचा सरावही तिथे कामाला येतो. फक्त एलिटची लांबी बघ, एका ॲक्सलपासून दुसऱ्यापर्यंत ३३ इंचांच्या पुढे असेल तर खालचा कॅम खुर्चीला किंवा जमिनीला घासतो. झाडावर गेलासच कधी तर पूर्ण अंगाचा हार्नेस जमिनीवरूनच अडकवून चढायचं. दुसरा खांदा काढून घेऊ नको.

ब्लॅकआइस_बंड्या

३१ आहे, आत्ताच फोन करून विचारलं. ब्लाइंड ठरलं.

फिजिओ_मंजू

रिलीज, म्हणजे दोरी धरून सोडायची कळ, कुठला वापरता? बोटांनी मुठीत धरायचा असेल तर मनगटपट्ट्याचा घ्या काही महिने. ओढ मनगटावर येते, मूठ आवळली जात नाही, आणि मूठ आवळली की दंड आणि खांदा आपोआप आवळतो.

ब्लॅकआइस_बंड्या

अंगठ्याचा होता. मनगटपट्ट्याचा जुना पडलाय ड्रॉवरमध्ये, तोच काढतो.

ऑस्टिनची_अनघा

चामड्याचा पट्टा असेल तर वापरायच्या आधी वाकवून बघ, सुकून तडकलेला असतो. ओढता ओढता तुटला तर मूठ येऊन हनुवटीवर बसेल. आणि सप्टेंबरच्या आधी ब्रॉडहेड लावूनच दहा-बारा बाण मार, सरावाच्या टोकांपेक्षा वेगळ्या जागी लागतात, तेव्हा साईट हलवायला वेळ हवा.